सपाट बुटांचा हिशेब

महाडहून एका आपांचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी पुण्यात शिकते, आठवड्यातून चार दिवस वेताळ टेकडीवर धावते आणि महिन्यातून दोन रविवार मैत्रिणींबरोबर गडांवर जाते. माशाअल्लाह, तब्येत सुधारली आणि अभ्यासही सुधारला, असं आपा लिहितात. आता तिने 'झीरो-ड्रॉप' बूट मागितले आहेत. किंमत बारा हजार रुपये. अब्बांचं म्हणणं, आम्ही कॅनव्हासचे बूट घालून रायगड चढलो, या बारा हजारांत काय सोन्याचे तळ लावलेत? आपांचे प्रश्न दोन आहेत. हे नुसतं फॅड आहे का? आणि घेतलेच तर टिकतील किती?

पहिला प्रश्न बरेच जण विचारतात. दुसरा फार थोडे विचारतात, आणि दुकानदार तर आपणहून कधीच सांगत नाही. म्हणून या महिन्यात जास्त जागा दुसऱ्या प्रश्नाला.

आधी शब्द समजून घेऊ. बुटात पाय घातल्यावर टाच जमिनीपासून किती उंच राहते आणि चवडा किती उंच राहतो, या दोन उंचींतला फरक म्हणजे ड्रॉप. धावण्याच्या नेहमीच्या बुटांत तो साधारण ८ ते १२ मिलिमीटर असतो. म्हणजे आपल्या नकळत आपण थोड्या उंच टाचेवरच धावत असतो. झीरो-ड्रॉपमध्ये हा फरक शून्य. फरशीवर अनवाणी उभं राहिल्यावर टाच आणि चवडा जसे एका पातळीत असतात, तसेच बुटातही.

इथे एक गल्लत नेहमी होते. झीरो-ड्रॉप म्हणजे पातळ तळाचा बूट, असं लोक धरून चालतात. तसं नाही. टाचेखाली २५ मिलिमीटर आणि चवड्याखालीही २५ मिलिमीटर जाडी असेल तरी तो झीरो-ड्रॉपच. आल्ट्रा कंपनीचा लोन पीक हा डोंगरी वाटांसाठीचा प्रसिद्ध बूट असाच आहे. दुसऱ्या बाजूला 'बेअरफूट' म्हणून विकले जाणारे बूट असतात. त्यांत पायाखाली जेमतेम काही मिलिमीटर रबर असतं आणि वाटेतला प्रत्येक खडा तळव्याला कळतो. दोन्ही सपाट, पण पायाला वेगळे आणि झिजायलाही वेगळे. तेव्हा आपा, मुलीला पहिला प्रश्न हा विचारा की तिला या दोहोंतला कोणता हवा आहे. तिला उत्तर देता आलं नाही, तर खरेदी महिनाभर पुढे ढकला.

हे वेड आलं कुठून, तेही थोडक्यात. अमेरिकेतल्या युटा राज्यात गोल्डन हार्पर नावाचा तरुण घरच्याच धावण्याच्या बुटांच्या दुकानात काम करायचा. टाचेचा जाड फोम काढून टाकण्यासाठी त्याने छोट्या टोस्टर ओव्हनमध्ये बूट तापवले, डिंक सैल केला, तळ उपटला आणि सपाट तळ चिकटवला. त्या खटपटीतून २००९ साली आल्ट्रा उभी राहिली. त्याच वर्षी क्रिस्टोफर मॅकडूगल यांचं 'बॉर्न टू रन' हे पुस्तक आलं. मेक्सिकोच्या डोंगरदऱ्यांत राहणारे रारामुरी लोक जुन्या टायरच्या तळाच्या चपला घालून कोसच्या कोस धावतात, हे त्यातून जगाला कळलं. आपल्याकडच्या शेतकऱ्याला टायरच्या चपलेचं कौतुक सांगायला पुस्तक लागत नाही, पण तो भाग वेगळा.

पुढच्या वर्षी, २०१० मध्ये, हार्वर्डचे डॅनियल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात एक अभ्यास छापला. लहानपणापासून अनवाणी धावणारे लोक बहुतेक वेळा चवड्यावर किंवा सपाट पावलावर उतरतात आणि त्यामुळे जमिनीचा पहिला धक्का कमी बसतो, असं त्यांना दिसलं. त्यात इतकंच होतं. सपाट बूट घातले की गुडघेदुखी जाते, असं त्यात कुठेही नव्हतं. ते पुढे जाहिरातींनी लिहिलं. पाच बोटांचे हातमोज्यासारखे दिसणारे बूट विकणाऱ्या व्हायब्रम कंपनीवर याच दाव्यांवरून अमेरिकेत ग्राहकांनी खटला भरला. २०१४ मध्ये कंपनीने चूक कबूल न करता साडेसदतीस लाख डॉलर देऊन तो मिटवला. त्याच्या आदल्या वर्षी आणखी एक अभ्यास आला होता. ३६ धावपटूंपैकी एका गटाने दहा आठवड्यांत नेहमीचे बूट सोडून असे पातळ बूट धरले. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या पावलाच्या हाडांत आतून सूज दिसली. नेहमीचे बूट घालणाऱ्या गटात ती जवळजवळ नव्हती.

म्हणजे फॅड आहे का? आमचं मत असं: बूट खोटा नाही, त्याच्याभोवतीच्या गप्पा पुष्कळ खोट्या आहेत. या बुटाचा खरा फायदा दोन ठिकाणी आहे. एक, यांतल्या बहुतेकांचा पुढचा भाग पावलाच्या आकाराचा, रुंद असतो. कळसूबाईवरून बारी गावात उतरताना बोटं पुढे आदळून नखं काळी पडतात, तो त्रास रुंद बुटात खूप कमी होतो. दोन, टाच खाली असल्यामुळे दगडधोंड्यांवर पाऊल जास्त स्थिर बसतं आणि घोटा मुरगळण्याची भीती थोडी उतरते. आणि किंमत फक्त पैशांत नाही. टाचेला उंची नसल्याने पोटरी आणि टाचेमागची जाड शीर, डॉक्टर जिला ॲकिलीस टेंडन म्हणतात, ती प्रत्येक पावलाला जास्त ताणली जाते. चढावर तर आणखीच. वर्षानुवर्षं उंच टाचेची सवय झालेल्या पायाला हे एका दिवसात झेपत नाही.

घरच्या घरी एक साधी परीक्षा करता येते. भिंतीचा आधार न घेता, पावलं खांद्याइतकी लांब ठेवून उकिडवं बसायचं. टाचा पूर्ण जमिनीला टेकल्या आणि मिनिटभर आरामात बसता आलं, तर पोटऱ्या बऱ्या आहेत. आपल्या अनेक दादी-नानी या वयातही अशा बसून भाजी निवडतात. टाचा वर उचलल्या गेल्या किंवा माणूस मागे पडायला लागला, तर सपाट बूट घेण्याआधी दोन महिने पायरीवर चवडे ठेवून टाचा वर-खाली करण्याचा व्यायाम करावा. टाचेचं जुनं दुखणं असेल, सकाळी पहिलं पाऊल टाकताना तळवा ठणकत असेल, तर डॉक्टरांचा मशवरा घेतल्याशिवाय हे बूट नकोत. आणि घरात कुणाला साखरेचा आजार असून तळव्याची संवेदना कमी झाली असेल, तर पातळ तळाचा बूट अजिबात नको. काटा घुसला तरी कळत नाही, आणि जखम चिघळल्यावर जे होतं ते बऱ्याच घरांनी पाहिलं आहे.

सवय लावायची ती अशी. पहिले दोन आठवडे घरात आणि बाजारापर्यंत. मग धावण्याच्या शेवटची दहा मिनिटं. मग दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत जायचं. दोन-तीन महिने लागतात, कुणाला जास्तही. नवे सपाट बूट घालून पहिल्याच रविवारी तोरण्याला जाणं म्हणजे सोमवारी जिना उतरता न येणं, हे नक्की.

आता टिकण्याचं.

बूट कुठे वापरणार, यावर सगळं ठरतं. परदेशी परीक्षणं वाचून बूट निवडणारी मुलं हेच विसरतात की ती परीक्षणं पाइनच्या पानांनी झाकलेल्या मऊ मातीच्या वाटांवर लिहिलेली असतात. आपला सह्याद्री वेगळा. वर काळा कातळ, उतारावर मुरूम आणि सुटा घसारा, कोकणात उतरलो की जांभा. जांभ्याची पाठ किसणीसारखी असते, मऊ रबर त्यावर साबणासारखं झिजतं. पावसाळ्यात याच कातळावर शेवाळ येतं. तेव्हा पकड आणि टिकाऊपणा यांचं भांडण सुरू होतं, कारण जे रबर ओल्या दगडाला चिकटतं ते मऊ असतं आणि लवकर झिजतं. जे वर्षानुवर्षं टिकतं ते कडक असतं आणि ओल्या दगडावर घसरतं.

आमचा कौल पकडीच्या बाजूने. झिजलेला बूट बदलता येतो. बुटांच्या तळाचा इतिहासही हेच सांगतो. १९३५ साली इटलीतल्या आल्प्समध्ये खराब हवामानात सापडून एका गिर्यारोहक गटातले सहा जण मरण पावले. त्यांच्या पायातले बूट त्या थंडीला आणि त्या खडकाला साजेसे नव्हते. त्यांचा साथीदार व्हिताले ब्रामानी याने त्यानंतर टायरच्या रबराचा, खोल दात्यांचा तळ तयार केला आणि १९३७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. व्हायब्रम हे नाव त्याच्याच नावावरून आलं. वर खटल्याची गोष्ट सांगितली ती कंपनी हीच. पण त्यांचं मेगाग्रिप नावाचं रबर ओल्या दगडावर चांगलं धरतं. अनेक कंपन्या ते विकत घेऊन आपल्या बुटांना लावतात, त्यामुळे तळावर पिवळी खूण दिसली की एवढी खात्री धरायला हरकत नाही की रबराचा विचार कुणीतरी केला आहे. मात्र शेवाळावर कोणतंच रबर धरत नाही. हिरवा-काळा चकचकीत दगड दिसला की बूट बाराशेचा असो वा बारा हजारांचा, त्याला वळसा घालायचा.

दाते किती खोल हवेत? आपल्या भागात ४ मिलिमीटरच्या आसपास पुरे. फार खोल दाते चिखलात छान दिसतात, पण कातळावर त्यांची टोकंच झिजतात आणि कोपरे उपटून येतात. तळाचं रबर एकसंध आहे की मधेमधे फोम उघडा सोडला आहे, हेही उलटं करून बघा. वजन कमी करण्यासाठी काही कंपन्या मधला भाग उघडा ठेवतात. मुरमाचे खडे नेमके तिथेच घुसतात.

तळाच्या वरचा थर म्हणजे फोम. जाड झीरो-ड्रॉप बुटाचा जीव या थरात असतो आणि तो रबराच्या आधी मरतो. वापरून वापरून फोम दबतो आणि परत फुगत नाही. धावण्याच्या बुटांना साधारण ५०० ते ८०० किलोमीटरचं आयुष्य सांगतात ते मुख्यतः फोमचं. सपाट बुटात आणखी एक भानगड आहे. माणूस टाचेवर जोर देऊन उतरत असेल, तर टाचेकडचा फोम आधी बसतो आणि बूट मागे झुकतो. मग टाच चवड्याच्याही खाली जाते आणि पोटरीचं दुखणं सुरू होतं. महिन्यातून एकदा बूट टेबलावर ठेवून मागून बघा. टाच एका बाजूला कललेली दिसली, फोमवर आडव्या सुरकुत्या पडून त्या दाबल्यावर जात नसल्या, तर वर कितीही नवा दिसला तरी तो बूट संपला.

पातळ, फोम नसलेल्या बुटाला हा त्रास नाही, कारण मरायला फोमच नाही. झीरो शूज नावाची अमेरिकन कंपनी आपल्या तळाला ५,००० मैलांची, म्हणजे सुमारे ८,००० किलोमीटरची हमी देते ती यामुळेच. ही हमी भारतात घेतलेल्या जोडीला लागू आहे का, हे विकणाऱ्याकडून आधी लिहून घ्यावं. टिकाऊपणाच एकमेव कसोटी असेल, तर पातळ तळ जिंकतो. पण दिवसभर पाठीवर सॅक घेऊन मुरमाच्या वाटेने उतरायचं, तर सवय नसलेल्या तळव्यांचे हाल होतात. पुण्याच्या मुलीला आम्ही मधला मार्ग सांगू: फोम आहे, पण फार मऊ आणि फार जाड नाही, असा. बोटाने दाबल्यावर गादीसारखा खोल जाणारा फोम दुकानात सुखाचा वाटतो आणि त्याच्या आयुष्याचे दिवसही थोडे असतात.

वरचं कापड हा तिसरा भाग. रुंद पुढच्या भागाच्या बुटांत जाळीदार कापड नेहमी दोन ठिकाणी फाटतं: करंगळीजवळ, जिथे पाऊल वाकतं, आणि अंगठ्याच्या टोकावर. बूट हातात घेऊन चवड्यापाशी वाकवा. जिथे घडी पडते तिथे शिवण किंवा चिकटवलेल्या पट्टीचा कोपरा येत असेल, तर पहिली फट तिथेच पडणार. अंगठ्यापुढे रबराचा वळून आलेला भाग हवाच. करंगळीच्या बाजूला जाड पट्टी असली तर उत्तम.

गोरटेक्स वगैरे पाणी अडवणारे बूट आपल्या पावसाळ्यात घेऊ नयेत. सह्याद्रीतलं पाणी बुटात खालून शिरत नाही, वरून घोट्यावाटे शिरतं, आणि आत आलं की त्या थरामुळे बाहेर जात नाही. मग दिवसभर पाय डबक्यात. जाळीचा बूट भिजतो आणि चालता चालता निथळतो.

आता खर्च. आपांच्या मुलीचा हिशेब मांडून पाहू. आठवड्याला २५ किलोमीटर धावणं म्हणजे महिन्याला शंभर, आणि दोन गड प्रत्येकी १४ किलोमीटरचे धरले तर २८. एकूण १२८. बुटाचं आयुष्य ८०० किलोमीटर धरलं तर सहा महिने, ५०० धरलं तर चार. बारा हजारांचे बूट चार-सहा महिन्यांत संपणार असतील, तर अब्बांची तक्रार रास्त आहे. पण तेच बूट फक्त गडांसाठी आणि आठवड्यातल्या एकाच, टेकडीवरच्या आठ किलोमीटरच्या धावण्यासाठी ठेवले, आणि बाकी दिवस सपाट डांबरावर आताचे जुने बूट वापरले, तर महिन्याला ६० किलोमीटर होतात. ८०० किलोमीटरला तेरा महिने, ५०० लाही आठ महिने. डोंगरी बूट डांबरावर वापरणं ही सगळ्यात महागडी सवय आहे. हॉस्टेलपासून टेकडीच्या पायथ्यापर्यंत चप्पल घालून जावं आणि तिथे बूट बदलावे. दिसायला हास्यास्पद असलं तरी चालेल.

एक गोष्ट आपल्या घरांत विशेष होते म्हणून सांगतो. आपल्याला दिवसातून अनेकदा बूट काढावे लागतात, मशिदीत, घरात, वुजूसाठी. लेस न सोडता पाय ओढून काढायचा आणि टाच चुरगाळत आत घालायचा, ही सवय घराघरांत आहे. त्याने बुटाच्या टाचेमागचा कडक भाग आतून मोडतो. तो मोडला की बूट डोंगरात मागे-पुढे सरकतो, टाचेला फोड येतात, आतलं कापड फाटतं. तळ नवा असूनही बूट बाद होतो. मुलांना लेस सोडायची सवय लावा. खिशात पत्र्याचा छोटा शूहॉर्न ठेवला तर आणखी बरं. ट्रेकला वाटेत वुजू केल्यावर ओला पाय तसाच मोज्यात घालू नये. सॅकमध्ये एक छोटा पंचा असावा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करूनच मोजा चढवावा. फोड येण्याचं निम्मं कारण तिथेच संपतं.

आणखी एक देशी उपाय सगळे सांगतात: नवा बूट आणला की मोच्याकडून तळ शिवून घ्या. हजार-दीड हजारांच्या ट्रेकिंग बुटांना, ज्यांचं रबर कडेने वर चढलेलं असतं, हा उपाय खरोखर लागू पडतो. जाड फोमच्या बुटाला मात्र शिवू नका. दोरा मऊ फोम कापत जातो आणि भोकांतून पाणी शिरतं. तळाची कड सुटली तर साफ करून, पूर्ण वाळवून, बुटांसाठीचा चांगला डिंक लावून, वजनाखाली दिवसभर दाबून ठेवणं जास्त टिकतं.

बूट वाळवताना आत वर्तमानपत्राचे बोळे आणि बाहेर पंख्याचा वारा. चुलीजवळ, गॅसजवळ, गाडीच्या काचेमागे उन्हात नको, उष्णतेने डिंक सुटतो. तसंच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवणंही नको. काही बुटांच्या तळातलं पॉलियुरेथेन कोकणच्या दमट हवेत न वापरताही आतून कुजतं. दोन-तीन वर्षांनी बूट काढावा तर तो नवाकोरा दिसतो आणि पहिल्याच चढावर त्याचा तळ वडीसारखा तुटून पडतो. स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या साठ्यातला बूट घेताना हे ध्यानात ठेवावं.

घ्यायला जाताना संध्याकाळी जा, दिवसभराने पाय थोडे सुजलेले असतात. ट्रेकला घालायचे तेच मोजे न्या. आतली गादी बाहेर काढून जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर उभं राहा. बोटं गादीबाहेर सांडत असतील, तर तो बूट रुंद नाही, जाहिरात काहीही म्हणो. अंगठ्यापुढे अंगठाभर जागा हवी. मुलींच्या मापाचा बूट अरुंद वाटला, तर त्याच मॉडेलचं पुरुषांचं माप घालून बघायला लाजू नये. बाहेरून सपाट दिसणारा प्रत्येक बूट झीरो-ड्रॉप नसतो, कारण फोमच्या कडा वर आलेल्या असतात आणि टाच आत किती उंच आहे ते दिसत नाही. कंपनीने छापलेला ड्रॉपचा आकडा बघा. ऑनलाइन मागवलेत तर दोन दिवस घरात, चटईवर घालून फिरा. तळाला माती लागली की परत घेत नाहीत.